डॉर्टची कलमं अभ्यासवर्गात घ्यायची आहेत, ट्यूलिपच्या तक्त्यापासून सुरुवात करावी का?

मागचा_बाक

मंडळीच्या अभ्यासवर्गात पूर्वनियुक्ती (कोणाचं तारण व्हायचं हे देवाने आधीच नेमलंय, ही शिकवण) आणि इच्छास्वातंत्र्य हा विषय ठरलाय. त्यासाठी डॉर्टची कलमं, म्हणजे १६१८-१९ च्या डच चर्चसभेचे ठराव, घ्यायची आहेत. चार बैठका, प्रत्येकी दीड तास. वर्गात सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) लोक आहेत, त्यांतली काही जुनी प्रेस्बिटेरियन घराणी. मेथडिस्ट आहेत. शिवाय दोघंजण इंग्रजी प्रवचनं ऐकून ताजेताजे कॅल्विनवादी (निवड सर्वस्वी देवाची मानणारे) झालेत. शंका अशा:

१. ट्यूलिपचा (TULIP, कॅल्विनवादाच्या मुद्द्यांची इंग्रजी आद्याक्षरं) पाच मुद्द्यांचा तक्ता सगळीकडे तयार मिळतो. त्यावरून शिकवलं तर बिघडतं कुठे?
२. "सगळं आधीच ठरलंय, तर सुवार्ता सांगायची कशाला?" हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येणार. त्याला बायबलमधलाच एखादा प्रसंग हवा, नुसती व्याख्या नको.
३. रोमकरांस पत्राचा ९ वा अध्याय कधी घ्यावा?

टीपवही

तक्ता बाजूला ठेवा. डॉर्टची सभा (१३ नोव्हेंबर १६१८ ते ९ मे १६१९) स्वतःचे पाच मुद्दे मांडायला बसली नव्हती. पाच मुद्दे समोरच्यांचे होते. डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियस १६०९ मध्ये वारला आणि त्याच्या बाजूच्या पाळकांनी १६१० मध्ये पाच कलमांचं निवेदन हॉलंडच्या राज्यसभेला दिलं. डॉर्टने त्याला कलमवार उत्तर दिलं. ट्यूलिप घेऊन शिकवणं म्हणजे कैफियत वाचायची आणि दावा उघडायचाच नाही.

क्रमही बदलतो. तक्त्यात माणसाची भ्रष्टता पहिली येते. डॉर्टमध्ये पहिलं प्रकरण निवडीचं, दुसरं ख्रिस्ताच्या मरणाचं, मग तिसरं आणि चौथं एकत्र, शेवटी पाचवं टिकून राहण्याचं. तिसरं-चौथं एकत्र का, इथेच खरी मेख आहे. निवेदनाचं तिसरं कलम म्हणतं, की तारणारा विश्वास माणसाजवळ स्वतःचा नसतो, तो त्याच्या इच्छेच्या बळावरही येत नाही, देवाने त्याला नव्याने जन्म द्यावा लागतो. यात डॉर्टला खोडायला काही सापडेना. वाद चौथ्या कलमात होता: ही कृपा नाकारता येते का? म्हणून दोन्ही मिळून एक उत्तर. (अवांतर: ठराव लॅटिनमध्ये झाले, ट्यूलिप ही इंग्रजी अक्षरांची जुळणी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची.)

पहिल्या बैठकीत हे तिसरं कलम लेखकाचं नाव न सांगता वाचून दाखवा आणि कोणाचं ते विचारा. बहुतेक जण कॅल्विनचं नाव घेतील. "आर्मिनियन म्हणजे माणूस स्वतःच्या बळावर तरतो म्हणणारे" हा गैरसमज तिथल्या तिथे निघतो, आणि वाद नेमका कशावर आहे ते उरतं: शेजारशेजारच्या दोघांनी एकच संदेश ऐकला, एकाने विश्वास ठेवला, दुसऱ्याने नाही. हा फरक कुठून आला?

कागद दोन रकान्यांचा करा. डावीकडे निवेदनाची पाचही कलमं. उजवीकडे डॉर्टची सगळी ५९ कलमं घेऊ नका, खंडनाचे ३४ परिच्छेद तर नकोच. पुढची बारा पुरतात: पहिल्या प्रकरणातली ५, ६, ७, ९, १२, १४, १६, दुसऱ्यातली ३, ५, ८, तिसऱ्या-चौथ्यातली १६, १७.

पहिल्या प्रकरणातली कलमं ५ आणि ६ लागोपाठ वाचा, मध्ये थांबू नका. पाचवं सांगतं, की अविश्वासाचं कारण देवात मुळीच नाही, माणसात आहे. विश्वास मात्र देवाचं दान. सहावं सांगतं, की काहींना ते दान मिळतं आणि काहींना नाही, हे देवाच्या सनातन संकल्पातून येतं. हे दोन पाय सारखे नाहीत, आणि ते मुद्दामच. एकच वाचलं तर एकतर देव पापाचा कर्ता ठरतो, नाहीतर निवड नावापुरती उरते. नवव्या कलमात मुख्य घाव आहे: देवाने पुढचा विश्वास आधी पाहिला म्हणून निवडलं, असं नाही.

दुसऱ्या प्रकरणातलं तिसरं कलम कॅल्विनवादी जोडीला मोठ्याने वाचायला द्या. ख्रिस्ताचं मरण साऱ्या जगाच्या पापांच्या प्रायश्चित्ताला भरपूर पुरेसं आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. मर्यादा येते ती आठव्या कलमात, आणि ती परिणामाची: ते मरण प्रत्यक्षात तारतं ते निवडलेल्यांना. या प्रकरणाचे शब्द ठरवताना ब्रिटनच्या आणि ब्रेमेनच्या काही प्रतिनिधींनी मर्यादेची भाषा सैल ठेवायला लावली होती. तक्त्यातल्या 'मर्यादित' या एका शब्दात हे काहीच उरत नाही.

दुसऱ्या शंकेला प्रेषितांची कृत्ये २७. पौल वादळात सापडलेल्या गलबतावर आहे, माणसं २७६. देवदूताचा निरोप मिळालाय: तारू जाईल, जीव एकाचाही जाणार नाही. म्हणजे शेवट ठरलेला. मग रात्री पाणी मोजतात, आधी वीस वाव, थोडं पुढे पंधरा. खडकाच्या भीतीने वरामावरून (तारवाच्या मागच्या टोकावरून) चार नांगर सोडतात. खलाशी नाळेवरून (पुढच्या टोकावरून) नांगर टाकायच्या बहाण्याने होडी खाली सोडून पळू पाहतात. तेव्हा पौल शताधिपतीला सांगतो, हे तारवावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई दोर कापतात आणि होडी वाहून जाते.

दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडची आहेत. शेवट ठरलाय, आणि त्या शेवटापर्यंतची वाट त्या दोराच्या तुकड्यातून जाते. सुवार्ता म्हणजे तो दोर कापणं. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाचं १७ वं कलम हेच साधनांबद्दल सांगतं, १६ वं सांगतं की कृपा माणसाला लाकडाचा ओंडका समजून वागवत नाही.

रोम ९ तिसऱ्या बैठकीत, आणि एकटा घेऊ नका. ९, १०, ११ मिळून ९० वचनं होतात, मोठ्याने वाचायला पंधरा-वीस मिनिटं. ९ व्या अध्यायावर थांबलं की कुंभार आणि मातीच उरते. १० व्यात तोच पौल विचारतो, की घोषणा करणाऱ्यावाचून ते ऐकतील कसे? ९:२२-२३ वर मात्र घाई नको. दयेची पात्रं देवाने "आधी तयार केली", तिथे क्रियापदाला कर्ता आहे. क्रोधाची पात्रं नाशासाठी "सिद्ध झालेली", तिथे मूळ ग्रीकमध्ये कोणी सिद्ध केली ते सांगितलेलं नाही. दोन्ही बाजू याच जागी मुक्काम ठोकतात.

पडवीतला_दिवा

वरचं बहुतेक मान्य. पण दोन रकान्यांचा कागद तिथेच संपला तर मेथडिस्टांना वाटेल, की आपली बाजू १६१९ मध्ये निकालात निघाली. तिसरा रकाना मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक वेस्ली याचा हवा. 'मुक्त कृपा' हे त्याचं प्रवचन १७३९ चं. त्यावर कॅल्विनवादी प्रवचनकार व्हाइटफिल्डने लिहिलेल्या पत्रावर तारीख २४ डिसेंबर १७४०. दोघं मित्र, दोघं अँग्लिकन, तरी वाट फुटली. पुढे १७८४ मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी वेस्लीने अँग्लिकन ३९ कलमांना कात्री लावली, तेव्हा पूर्वनियुक्तीचं १७ वं कलम सरळ गाळलं. इच्छास्वातंत्र्याचं कलम मात्र ठेवलं, आणि त्यात काय आहे पाहा: आधी धावून येणाऱ्या कृपेशिवाय माणूस देवाला आवडेल असं काही करू शकत नाही. मेथडिस्टांचं इच्छास्वातंत्र्य म्हणजे या कृपेने मोकळी केलेली इच्छा. वर्गातला मेथडिस्ट "माणूस मुळात चांगला असतो" म्हणाला, तर तो आर्मिनियसला सोडून पेलागियसच्या (माणूस स्वतःच्या बळावर चांगलं वागू शकतो म्हणणाऱ्याच्या) पंगतीला बसला, हे त्यालाही सांगावं लागेल.

"मग विश्वास ठेवणाऱ्याला फुशारकीला जागा मिळते" हा कॅल्विनवाद्यांचा ठरलेला आक्षेप. त्यावर आर्मिनियसचाच दाखला द्या: श्रीमंताने भिकाऱ्याला दान दिलं आणि भिकाऱ्याने हात पुढे केला, तर ते दान दान राहत नाही का?

कृत्ये २७ बद्दल मतभेद. "राहिले नाहीत तर" हा 'तर' आमची आर्मिनियन बाजूही तितक्याच हक्काने वापरते: वचन होतं, पण अटीसह. वर्गात दोन्ही वाचनं मांडा, नाहीतर तो प्रसंग पुरावा म्हणून पुढे केल्यासारखं होईल.

रोम ९ मध्ये येणाऱ्या मिसरच्या राजाचं, फारोचंही तसंच. निर्गममध्ये कधी फारो स्वतः मन कठीण करतो (८:१५, ८:३२, ९:३४), कधी परमेश्वर करतो (९:१२, १०:२०, १०:२७). ४:२१ मध्ये परमेश्वर ते आधीच सांगून ठेवतो. फळ्यावर पीडांच्या क्रमाने लिहा आणि कोणाचं पारडं जड ते वर्गालाच ठरवू द्या.

वसईची_वेस

कॅथलिक बाजूची छोटी भर. हा वाद प्रोटेस्टंटांचा घरगुती नाही. येशूसंघी मोलिना याचा ग्रंथ १५८८ चा. त्याचं म्हणणं, कोणत्या परिस्थितीत कोण स्वेच्छेने काय करील हेही देव जाणतो, आणि ते जाणूनच योजना आखतो. डोमिनिकन बान्येझ आणि मंडळी तुटून पडली. रोममध्ये सुनावण्या झाल्या. १६०७ मध्ये पाचव्या पॉल पोपने निकाल न देताच त्या संपवल्या, आणि एकमेकांना पाखंडी म्हणू नका अशी तंबी दिली. डॉर्टआधी अवघी अकरा वर्षं. तिथेही निकाल लांबवला असता तर सुमारे दोनशे आर्मिनियन पाळकांची पदं गेली नसती, असं मला वाटतं. त्या गोष्टीत राजकारण किती होतं हे सभा संपल्यावर चारच दिवसांनी, १३ मे १६१९ ला, आर्मिनियनांचा पाठीराखा डच मुत्सद्दी ओल्डेनबार्नेवेल्ट याचा शिरच्छेद झाला त्यावरून दिसतं.

मागचा_बाक

तिसरा रकाना घालतो. आणखी एक. मराठीत शब्द कोणता वापरायचा? 'पूर्वनियुक्ती' म्हटलं की वर्ग लगेच "म्हणजे नशीबच ना" म्हणतो.

टीपवही

पडवीतला_दिवा, 'तर' बद्दलचा आक्षेप रास्त. दोन्ही वाचनं मांडावीत.

शब्दाबद्दल: 'नशीब' आणि 'प्रारब्ध' दोन्ही टाळा, पण का ते वर्गात बोलून टाळा. सटवाई पाचवीच्या रात्री कपाळावर लिहून जाते आणि आईबापांशीही बोलत नाही. तिच्या लिहिण्यात ना प्रेम, ना हेतू. इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय निवडीविषयी बोलतो तो दत्तकपणाच्या भाषेत, बाप मुलाविषयी बोलावा तसा. प्रारब्धाची अडचण वेगळी. प्रारब्ध मागच्या कर्माचं फळ. डॉर्टच्या नवव्या कलमाचा सगळा जोर यावर, की निवडीमागे माणसाचं कोणतंच कर्म नाही, मागचं नाही आणि पुढचंही नाही. म्हणजे 'प्रारब्ध' म्हटलं की नेमकं उलटं शिकवलं जातं.

'ठराव' म्हटलं की सभा डोळ्यांपुढे येते. देवाबद्दल बोलताना 'संकल्प' वापरा, निवडीला 'निवड', आणि 'पूर्वनियुक्ती' फक्त त्या ग्रीक क्रियापदासाठी राखा. ते नव्या करारात सहाच ठिकाणी येतं: कृत्ये ४:२८, रोम ८:२९ आणि ३०, १ करिंथ २:७, इफिस १:५ आणि ११. सहाही वचनं एका कागदावर मावतात. करिंथच्या वचनात तर आधी नेमलेलं आहे ते देवाचं ज्ञान, माणसं नव्हेत.

चौथ्या बैठकीत कोणीतरी हमखास विचारेल, "मी निवडलेला आहे की नाही, कसं कळणार?" त्यासाठी पहिल्या प्रकरणातलं १२ वं आणि १६ वं कलम मोकळं ठेवा. बारावं म्हणतं, देवाच्या गुप्त गोष्टी उकरू नका, स्वतःत फळं दिसतात का पाहा: ख्रिस्तावर विश्वास, पापाचं दुःख, नीतिमत्त्वाची भूक. सोळावं, ज्यांना तेवढंही ठामपणे जाणवत नाही त्यांना सांगतं, की घाबरू नका, साधनं सोडू नका. मिणमिणती वात देव विझवणार नाही. हा प्रश्न विचारणारा माणूस वाद घालायला आलेला नसतो. त्याला दोन रकान्यांचा कागद दाखवू नका, वर्ग सुटल्यावर त्याच्यासाठी दहा मिनिटं मागे थांबा.