सिस्टीम पडूच नये म्हणून राबायचं, की पडल्यावर पटकन उठवायची सोय करायची?

ठाणे_फास्ट
बीकेसीतल्या शेअर ब्रोकरची ऑर्डर सिस्टीम, टीम सहा जणांची. पुढच्या तिमाहीत एकच मोठं काम झेपेल: रिलीझआधीची (नवा कोड चढवण्याआधीची) तपासणी घट्ट करणं, नाहीतर स्टँडबायवर, म्हणजे तयार ठेवलेल्या जोडसिस्टीमवर आपोआप स्विच होणं. मॅनेजर म्हणतात, पाच मिनिटांत उठली की झालं. पटतं का?

रात्रपाळी
अर्धंच पटतं. बिघडल्यावर तुमची सिस्टीम गप्प बसते की चुकीचं काम रेटत राहते, ते आधी बघा. गप्प बसली तर पाच मिनिटं चालतील. सिस्टीम ९९.९ टक्के वेळ चालू ठेवायची म्हटली, तरी चोवीस तासांच्या हिशेबात महिन्याला साधारण ४३ मिनिटं बंद राहायला मिळतातच. पण एक्स्चेंजवर झालेला सौदा रीस्टार्टने परत येत नाही.

नाइट कॅपिटल या अमेरिकी ब्रोकरचं प्रकरण, १ ऑगस्ट २०१२. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढलाच नव्हता आणि जुना फ्लॅग (कोड चालू-बंद करायची खूण) नव्या कामाला वापरला होता, त्यामुळे त्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं निजलेला कोड चालू झाला. गडबडीत बाकीच्या सातांवरून नवा कोड उतरवला, तर तीच बाधा आठांनाही झाली! ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर तोटा.

म्हणून ऑर्डर बाहेर पडते त्या दारावर वेगळ्या प्रोसेसमध्ये मर्यादा घाला: भावाचा पट्टा, नग, सेकंदाला किती ऑर्डरी, ग्राहकामागे किती रुपये. मर्यादा ओलांडली की सगळं बंद. हे तिमाहीभराचं काम नाही, आधी हेच करा.

कांदेपोहे
पाच मिनिटं मोजलीत कशी? हेल्थ चेक (सिस्टीम जिवंत आहे का, ही तपासणी) दर १० सेकंदांनी, तीनदा नापास झाल्यावर निर्णय, म्हणजे अर्धं मिनिट. डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंद असेल तर पाच मिनिटं तिथेच संपली. वर कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेली कनेक्शनं) जुना पत्ता धरून बसतात ते निराळंच.

खरी भीती अर्धवट मेलेल्या प्रायमरीची, म्हणजे मूळ चालू सिस्टीमची. नेटवर्क तुटलंय की मशीनच गेलंय, हे स्टँडबायला कळत नाही. आधी जुन्याचं लिहिणं तोडा, मगच नव्याला बढती. नाहीतर दोघंही लिहीत सुटतात. रेप्लिकेशन असिंक्रोनस असेल, म्हणजे स्टँडबायकडे नक्कल मागाहून पोचत असेल, तर शेवटच्या काही ऑर्डरी स्टँडबायकडे नसतीलच. म्हणून उठल्यावर पहिलं काम एक्स्चेंजच्या ऑर्डर बुकशी (तिथल्या ऑर्डरींच्या नोंदीशी) ताळा. टाइमआउट झालेली ऑर्डर ताळ्याआधी पुन्हा पाठवायची नाही, कारण ती पोचलेली असू शकते. प्रत्येक ऑर्डरला आपला एकमेव क्रमांक हवा, नाहीतर ताळा जमणार कशावर?

ठाणे_फास्ट
स्विच आपोआप ठेवू की माणसाच्या हाती?

रात्रपाळी
सहा जणांत? बटण माणसाच्या हाती, बाकी सगळं स्क्रिप्टने आपोआप. मात्र निर्णयालाही मुदत हवी. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसई (राष्ट्रीय शेअर बाजार) ११:४० ला थांबलं ते ३:४५ ला सुरू झालं. त्यानंतर बाजार नियामक सेबीने एक्स्चेंजना ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत काम पूर्ववत करायची अट घातली. तुम्ही स्वतःला दोन मिनिटं द्या, आणि बटण दाबायचा अधिकार ड्युटीवरच्या माणसाला लेखी द्या. साहेब मीटिंगमध्ये असतात.

कांदेपोहे
आणि ज्या रिलीझमध्ये डेटाबेसमधला कॉलम काढलाय त्याचा रोलबॅक (जुन्या कोडवर परत जाणं) विसरा. आधी नवा कॉलम जोडा, दोन्हीकडे लिहा, जुना डेटा भरा, मग वाचणं वळवा. जुना कॉलम काढायचा तो पुढच्या रिलीझमध्ये, तोही शनिवारी.