ट्रिब्यूट बँडनं गायलेलं बंडाचं गाणं खरं की नुसती नक्कल? (द क्लॅशवाल्यांनी जरूर बोला)

रात्रपाळी
परवा शनिवारी द क्लॅशच्या एका ट्रिब्यूट बँडचा (म्हणजे एकाच बँडची गाणी त्यांच्यासारखीच हुबेहूब वाजवणाऱ्यांचा) कार्यक्रम बघून आलो, अजून डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतोय. मी इंग्लंडच्या उत्तरेकडे राहतो, जुन्या कामगार क्लबचा हॉल होता, दोनेकशे माणसं, बहुतेक पन्नाशी-साठीची. ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, १९७६ साली लंडनमध्ये निघालेला पंक बँड, जो स्ट्रमर, मिक जोन्स, पॉल सिमोनन आणि थोड्या काळानं ड्रमवर टॉपर हेडन. बेकारी, वंशद्वेष, पोलिसांची दंडेली, युद्ध, सगळ्यावर गाणी. १९८६ ला गाशा गुंडाळला आणि स्ट्रमर डिसेंबर २००२ मध्ये ५० व्या वर्षी गेला. म्हणजे खरा बँड बघायला मिळणं आता शक्यच नाही.

जाताना फार आशा नव्हती. गाणाऱ्याच्या उजव्या हाताला मनगटाच्या वर चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली. स्ट्रमर तसं करायचा कारण तो गिटार इतकी बडवायचा की हात तारांवर घासून सोलवटायचा. मनात म्हटलं, झालं, हेही वेषभूषेतच आलं. पण आठ-नऊ गाणी झाल्यावर ती पट्टी सुटून लोंबायला लागली आणि खालची कातडी लालबुंद झालेली, मी दुसऱ्या रांगेतून स्पष्ट बघितली, त्यानं दातांनी लोंबता तुकडा तोडला, फेकला आणि पुढचं गाणं सुरू. त्याला ती पट्टी खरंच लागत होती हो.

मग 'व्हाइट रायट' (गोऱ्यांची दंगल) या गाण्याच्या आधी तो थांबला. ऑगस्ट १९७६ चा नॉटिंग हिल कार्निव्हल, पोलिस आणि कृष्णवर्णीय पोरांची झालेली चकमक, स्ट्रमर आणि सिमोनन स्वतः तिथे होते, आणि अन्यायाविरुद्ध ही पोरं उभी राहतात तर आम्ही गोरी पोरं का गप्प बसलोय असा त्या गाण्याचा सवाल आहे, तरी वंशद्वेष्ट्यांनी नाव बघून ते आपलंच समजलं, हे सगळं त्यानं चार-पाच वाक्यांत सांगितलं आणि मग ठोकलं. शेजारी एक आजोबा, कोटावर रॉक अगेन्स्ट रेसिझम या वंशद्वेषाविरुद्धच्या संगीत चळवळीचा ताऱ्याचा बिल्ला. म्हणाले, ३० एप्रिल १९७८ ला ट्रॅफल्गर स्क्वेअरपासून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत चालत गेलो होतो क्लॅश ऐकायला. सोबत नात, वीस-बावीसची, तिला आजोबांपेक्षा जास्त शब्द पाठ.

माझं मत सरळ आहे. अशी गाणी कुणाच्या मालकीची राहत नाहीत. ती कुणीतरी घसा फोडून गात राहिलं पाहिजे, आणि मूळ माणसं उरली नसतील तर ज्यांना जमतंय त्यांनी गावीत. मला त्या पाच जणांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक
वाईट वाटून घेऊ नका पण मला हे अजिबात पटत नाही. क्लॅश 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये कधी गेले नाहीत, माहिती असेल तुम्हाला. टीव्हीवरचा एवढा मोठा कार्यक्रम, तिथे गेलं की रेकॉर्ड खपायचीच, पण तिथे वाजवल्याचं नाटक करावं लागायचं म्हणून शेवटपर्यंत नकार. ज्यांनी स्वतःच्या गाण्यावर ओठ हलवायला नकार दिला त्यांचे स्टेन्सिल मारलेले शर्ट घालून, त्यांच्यासारखे केस ठेवून, डावा पाय त्यांच्यासारखाच आपटत दुसऱ्यानं उभं राहायचं, हा त्यांचा सन्मान कसा होतो मला कळत नाही.

आणि मूळ मुद्दा असा की ते गाणं तेव्हा कुणाला तरी टोचत होतं. आज त्या हॉलमध्ये एक तरी माणूस अस्वस्थ झाला का? सगळे खूश होऊन घरी गेले असणार. बंडाच्या गाण्यानंतर सगळेच खूश असतील तर काहीतरी हरवलंय.

बेसची तार
मी स्वतः एका कव्हर बँडमध्ये बेस वाजवते (क्लॅशचा नाही, वेगवेगळ्या लोकांची मिश्र गाणी आपल्या पद्धतीनं करतो आम्ही) त्यामुळे राहवत नाही.

क्लॅशनी स्वतः किती दुसऱ्यांची गाणी केली ते आधी बघा. 'पोलिस अँड थीव्ह्ज' हे ज्युनियर मर्विनचं, १९७६ चं जमैकन गाणं, निर्माता ली पेरी. क्लॅशनी ते १९७७ च्या पहिल्याच अल्बमात घेतलं आणि त्याच वर्षी ली पेरीनं त्यांचं 'कम्प्लीट कंट्रोल' हे सिंगल केलं. 'आय फॉट द लॉ' सनी कर्टिसनं लिहिलेलं, १९६६ मध्ये बॉबी फुलर फोरनं गाजवलेलं, क्लॅशकडे आलं १९७९ ला. 'लंडन कॉलिंग' अल्बमातलं दुसरंच गाणं व्हिन्स टेलरचं आहे, १९५९ चं. म्हणजे दुसऱ्याचं गाणं उचलून आपल्या काळात आणणं हे त्यांच्या रक्तातच होतं.

आणि नक्कल नक्कल म्हणताय पण वाजवून बघा एकदा. 'गन्स ऑफ ब्रिक्स्टन'ची बेसलाइन कागदावर सोपी दिसते, चार-सहा सूर, पण सुरांच्या मधली जागा रिकामी ठेवायला छाती लागते, हात शिवशिवतो, भरून टाकावंसं वाटतं, आणि भरलं की गाणं मेलं. सिमोनन रेगे हे जमैकन संगीत ऐकतच वाढला म्हणून त्याला ते यायचं. त्याला सुरुवातीला बेस वाजवताच येत नव्हता, पट्टीवर सुरांची नावं रंगवून ठेवलेली. मीही शिकताना तेच केलं, खोडून टाकलेल्या खुणा अजून दिसतात माझ्या बेसवर. या घरातून त्या घरात गाणं असंच जातं, बंदिश जाते तसं. बंदिश शिष्यानं गायली तर कुणी नकलाकार म्हणतं का?

रोखठोक
@बेसची तार, तुमच्या वाजवण्याबद्दल आदरच आहे. पण तुम्ही दिलेली उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. मर्विनचं गाणं उंच, तलम आवाजातलं, दोन-अडीचशे सेकंदांचं. क्लॅशनी ते सहा मिनिटांचं केलं, गिटारी कापऱ्या धारेच्या केल्या, ऐकल्यावर हे लंडनचं आहे हे कळतं. त्यांनी मर्विनचे कपडे घातले नाहीत. बंदिशीचंही तेच, शिष्य गुरूची बंदिश गातो पण विस्तार स्वतःचा करतो, गुरूचा खोकला सुद्धा जागेवर आला पाहिजे असा आग्रह धरत नाही. कव्हर आणि ट्रिब्यूट यात हाच फरक आहे, आणि तुमचा बँड कव्हर बँड आहे म्हणता, म्हणजे तुम्हालाही तो कळतो.

जुनी कॅसेट
मी या गाण्यांशी कॅसेटवरून जोडलो गेलेला माणूस, त्यामुळे थोडं वेगळं सांगतो. १९८२ ला टॉपर गेला, १९८३ ला मिक जोन्सला काढलं, आणि त्यानंतर दोन नवीन गिटारवाले आणि नवा ड्रमर घेऊन स्ट्रमर आणि सिमोनन क्लॅश नावानंच वाजवत राहिले. ज्यानं निम्म्या चाली बांधल्या तो मिकच नाही, तरी तो क्लॅश? त्या काळातला अल्बम फार कुणाला आवडत नाही, मलाही नाही. पण १९८५ च्या मे महिन्यात हेच पाच जण अकूस्टिक गिटारी घेऊन उत्तर इंग्लंडच्या शहरांत रस्त्यावर वाजवत फिरले, पुलाखाली, पबच्या दारात, तिकीट नाही, अँप नाही, आपली गाणी आणि दुसऱ्यांचीही. ज्यांनी ते ऐकलं असेल त्यांना तो बँड खरा की खोटा हा प्रश्न पडला असेल असं मला नाही वाटत. गाणं समोर आलं, माणसं गोळा झाली, पुरे.

कपड्यांचं मात्र रोखठोक बरोबर बोलतायत. केस आणि टोपी नको. साध्या कपड्यात वाजवा की.

मध्यमा
माझा आक्षेप वेगळा आहे. कपडे, केस, नक्कल, मला काही फरक पडत नाही. गाणं राजकीय आहे म्हणता ना, मग ते जिथे राजकारण चाललंय तिथे दिसलं पाहिजे. १५ नोव्हेंबर २००२, अॅक्टन टाउन हॉल. संपावरच्या अग्निशमन कामगारांसाठी स्ट्रमरचा मदत कार्यक्रम होता. मिक जोन्स प्रेक्षकांत होता, तो उठून स्टेजवर गेला, १९ वर्षांहून जास्त काळानं दोघं एकत्र वाजवत होते, आणि वाजवलेल्या तीन गाण्यांत 'लंडन्स बर्निंग' होतं. आग विझवणाऱ्यांपुढे. पुढच्याच महिन्यात स्ट्रमर गेला. त्या रात्री त्या गाण्याला काम होतं.

तुमच्या शनिवारच्या कार्यक्रमात गाण्याला काय काम होतं? आठवणी काढणं हे काम असेल तर ते जाहिरातवालेही करतात. १९९१ मध्ये जीन्सच्या जाहिरातीमुळे क्लॅशचं एक गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, त्यांचं तिथलं एकमेव पहिल्या नंबरचं गाणं, आणि तेही प्रेमातल्या भांडणाचं. आठवणींचा बाजार किती सहज मांडता येतो बघा.

नवशिकी
मी २००४ ची, त्यामुळे आठवणींचा प्रश्नच नाही माझ्या बाबतीत. एम. आय. ए. या गायिकेचं 'पेपर प्लेन्स' शाळेत असताना सारखं ऐकायचे, त्याची ती झुलती गिटार क्लॅशच्या 'स्ट्रेट टू हेल'मधून घेतलीय हे मला एका ट्रिब्यूट बँडच्या गायिकेनं सांगितलं, स्टेजवरून. मग तिनं अख्खं गाणं गायलं. १९८२ चं गाणं. आधी पोलादाचे कारखाने बंद पडलेलं इंग्लंड आणि तिथे नको झालेली बाहेरून आलेली माणसं, मग व्हिएतनाममधली अमेरिकन सैनिकांची पोरं, बापाचा फोटो हातात घेऊन त्याला विनवणारी. मी परदेशात शिकतेय, व्हिसाचे कागद सारखे उशाशी असतात, मला तिथेच रडू आलं. घरी येऊन मूळ ऐकलं, ते जास्त चांगलं आहे, पण मला दार उघडून दिलं त्या बाईनं. ती नसती तर माझ्यासाठी ती नुसती एक धून राहिली असती.

रात्रपाळी
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, कामावरून आत्ता आलोय त्यामुळे जमेल तसं लिहितो.

@मध्यमा, तुमचा प्रश्न मला लागला, कारण मी तो विचारलाच नव्हता. काल त्या बँडच्या ड्रमरला मेसेज करून विचारलं. तो अँब्युलन्सवर काम करतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात अँब्युलन्सवाल्यांचा संप होता तेव्हा गायक आणि बेसवाला दोन अकूस्टिक गिटारी घेऊन त्याच्या पिकेट लाइनवर (संपकरी कामाच्या दाराशी उभे राहतात तिथे) गेले होते, पहाटे, कडाक्याच्या थंडीत, बोटं चालेनात म्हणून तीनच गाणी झाली म्हणाला. शनिवारी हॉलच्या दाराशी फूडबँकेसाठी (गरजूंना फुकट अन्नधान्य देतात ती) क्रेट ठेवलेला होता, तो मी येताना बघितला होता पण त्यावर काही लिहिलं नाही, चूक माझी.

@रोखठोक, टॉप ऑफ द पॉप्सचं म्हणाल तर त्यांचा आक्षेप न वाजवता वाजवल्यासारखं करण्याला होता. या लोकांनी बॅकिंग ट्रॅक (आधीच रेकॉर्ड केलेलं संगीत) लावला नव्हता, दुसऱ्या गाण्यात तार तुटली तर गाणं थांबवून तार बदलली. आणि हे गायचा अधिकार कुणाला, असा सूर आहे तुमचा, तर मग स्ट्रमरही त्यात बसणार नाही. त्याचे वडील परराष्ट्र खात्यात नोकरीला (त्यांचा जन्म लखनौचा!), स्ट्रमर स्वतः जन्मला अंकारात, वाढला बोर्डिंग शाळेत, खरं नाव जॉन मेलर. तोही कामगाराच्या घरचा नव्हताच, पण कामगारांच्या बाजूनं उभा राहिला आणि म्हणून लोकांनी मानलं.

रोखठोक
पिकेट लाइनचं वाचून बरं वाटलं, खरंच. ते आधी लिहिलं असतंत तर माझी पहिली प्रतिक्रिया इतकी तिखट आली नसती. गाण्याआधी संदर्भ सांगतात तेही चांगलं, 'व्हाइट रायट' तर संदर्भाशिवाय गाऊच नये या मताचा मी आहे.

पण एक राहतंच. 'स्पॅनिश बॉम्ब्स' गायले का? त्यात स्ट्रमरचं स्पॅनिश चुकलेलं आहे, व्याकरणाचा पत्ता नाही. ट्रिब्यूटवाले ती चूकसुद्धा जशीच्या तशी गातात. ज्याला स्पेनच्या यादवीबद्दल, मारल्या गेलेल्या कवीबद्दल काही वाटतं तो ती ओळ दुरुस्त करेल. ज्याला फक्त रेकॉर्डसारखं वाजवायचंय तो चूक पाठ करेल. माझ्या दृष्टीनं तिथे कळतं कोण काय करतंय ते.

बेसची तार
हे गाणं आम्ही बसवलंय आणि याच ओळीवरून आमच्यात तीन आठवडे वाद झालाय. आमच्या गायकाला स्पॅनिश येतं, त्यानं नीट करून गायलं. पहिल्याच कार्यक्रमात समोरच्यांनी चुकीचं तेच मोठ्यानं गायलं आणि तो एकटा बरोबर म्हणत राहिला, ऐकायला फार एकाकी वाटलं. दुसऱ्या वेळेपासून तो लोकांबरोबर गातो. आणि स्पेनमधल्या ग्रॅनडावाल्यांनी २०१३ मध्ये एका चौकाला जो स्ट्रमरचं नाव दिलंय, त्यांनाही ते स्पॅनिश चुकलेलं आहे हे कळत असणारच.

मध्यमा
@रात्रपाळी, विचारून सांगितल्याबद्दल आभार. पिकेट लाइनवर तीन गाणी कुठली वाजवली ते कळलं तर लिहा. मला त्या हॉलपेक्षा ती पहाट बघायला आवडली असती.

रोखठोक
पुढचा कार्यक्रम कधी आहे? मी दोन तासांच्या अंतरावर राहतो. येईन. पण सांगून ठेवतो, गाण्यांच्या मधे आजच्या कशाबद्दल एक शब्दही निघाला नाही तर अर्ध्यातून उठेन आणि इथे येऊन तसं लिहीन.

रात्रपाळी
पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, तोच हॉल. जरूर या. डाव्या बाजूला उभे राहा, उजवीकडच्या स्पीकरला घरघर आहे. आणि क्रेटसाठी काहीतरी आणा, मागच्या वेळी तो अर्धाच भरला होता.