मुलगी भरपूर वाचते, तोंडाने भरपूर सांगते, पण लिहायला बसली की दोन ओळींत संपतं (होमस्कूलिंग, वय साडेदहा)

पानगळ

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबलंय.

मुलगी साडेदहा वर्षांची आहे, इयत्तेच्या हिशोबात पाचवी, गेली दोन वर्षं आम्ही तिला घरीच शिकवतोय. गणित-विज्ञान बरं चाललंय, अडकलंय ते मराठी. वाचायला तिला आवडतं, एका बैठकीत पन्नास पानं संपवते, पण काय वाचलंस विचारलं की "छान होतं", संपला विषय. आणि लिहायचं म्हटलं की चेहराच पडतो.

परवा तिने मुंग्यांची रांग तासभर पाहिली, मध्येच बोटाने त्यांची वाट पुसून बघितली, तर मुंग्या तिथे येऊन कशा घुटमळल्या, एकीने इकडून एकीने तिकडून शोधलं आणि मग हळूहळू रांग परत कशी जुळली, हे सगळं मला हातवारे करून अर्धा तास सांगत होती. मी म्हटलं अगं हेच लिही ना! वीस मिनिटांनी वही बघितली तर "मी आज मूंग्या पाहिल्या. मूंग्या रांगेत चालतात." एवढंच. त्यात मी लाल पेनाने दोन्ही 'मूंग्या'वर गोल केले आणि ती रडायलाच लागली. मला तेव्हापासून फार वाईट वाटतंय.

तर विचारायचं ते हे की, लिहून घ्यायचं तरी कसं, रोज किती, चुका दाखवायच्या की सोडून द्यायच्या, व्याकरणाचं पुस्तक वेगळं घ्यायचं का, आणि ती स्वतः एवढं वाचते तर मी अजून वाचून दाखवण्यात काही अर्थ आहे का? घरात एक मत असंही आहे की तिला सरळ टाइप करू दे.

---

दोनरेघी_वही

पानगळ ताई, आधी एक सांगते, मुंग्यांचं जे तिने अर्धा तास सांगितलं ना, ते लेखनच आहे. फक्त ते अजून हातात उतरलेलं नाही. माझी दोन्ही मुलं घरी शिकली, धाकट्याचं अगदी हेच व्हायचं, म्हणून इतक्या खात्रीने सांगतेय.

लिहिताना मुलाला एका वेळी तीन कामं करावी लागतात. काय सांगायचं ते ठरवायचं, त्याचं वाक्य बनवायचं, आणि ते वाक्य डोक्यात धरून ठेवून हाताने अक्षर न् अक्षर काढायचं, शिवाय वेलांटी पहिली की दुसरी हा विचार चालूच. आपल्याला मोठ्यांना तिसरं काम जाणवतही नाही. तिचा मात्र 'घुटमळल्या' लिहून होईपर्यंत पुढचं वाक्य उडून गेलेलं असतं, मग ती हुशार मुलं करतात तेच करते, ज्यातले शब्द नीट लिहिता येतात असं छोटं सोपं वाक्य लिहून मोकळी होते. म्हणून ही तीन कामं काही महिने वेगवेगळी करा.

पहिलं म्हणजे सांगणं. घरी शिकवणाऱ्यांत शार्लट मेसनचं नाव निघतंच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची इंग्लंडमधली शिक्षिका, तिचा भर यावरच होता की मुलाने एकदाच वाचायचं आणि मग पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचं. यात प्रश्न विचारायचे नाहीत. "काय वाचलंस" म्हणजे पन्नास पानांचा हिशोब मागणं झालं, त्याला "छान होतं" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा एकच पान घ्या, तिने वाचावं, पुस्तक बंद, आणि "सांग बघू" एवढंच म्हणा. मध्ये ती थांबली तर तुम्हीही थांबा, शब्द पुरवू नका. आमच्याकडे पहिला आठवडा दोन वाक्यांच्या पुढे गाडी गेली नव्हती, तिसऱ्या आठवड्यात मला थांबवावं लागायचं.

दुसरं, आठवड्यातून दोनदा ती सांगेल आणि तुम्ही लिहून घ्याल. जसंच्या तसं, तुमची सुधारणा न घालता. मग तिचंच तिला वाचून दाखवा. आपलं बोलणं कागदावर बघून मुलं स्वतःच म्हणतात, "आई इथे 'मग' फार वेळा आलंय." ते तुम्ही सांगण्यात आणि तिने शोधण्यात खूप फरक आहे.

टाइपिंगचं म्हणाल तर लांब मजकुरासाठी जरूर द्या, पण हाताने लिहिणं रोज दहा मिनिटं ठेवाच. हात सरावला नाही तर तो कायम आड येत राहतो.

---

रफार

मी बरीच वर्षं मराठी शिकवतो, शुद्धलेखनापुरतं बोलतो, बाकी वरच्या ताईंनी छान सांगितलंय.

'मूंग्या' ही चूक निष्काळजीपणाची नाही. आपल्याकडे बऱ्याच शब्दांत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आता बोलण्यात कानाला कळतच नाही, त्यामुळे "नीट ऐक आणि लिही" हा सल्ला इथे निरुपयोगी आहे, मुलगी कितीही नीट ऐको. नियमच सांगावा लागतो, आणि नियम सांगितला तर या वयाची मुलं तो कोडं सोडवल्यासारखा वापरतात. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ मध्ये चौदा होते, १९७२ मध्ये चार वाढले, एकूण अठरा. यातले तीन-चार जरी पक्के बसले तरी पाचवीच्या मुलाच्या निम्म्या चुका जातात हा माझा अनुभव.

तिच्याच शब्दापासून सुरू करा. मराठी शब्दात अनुस्वाराच्या आधीची वेलांटी-उकार ऱ्हस्व. मुंगी, भुंगा, भिंत, खुंटी, शिंग. पंधरा दिवस फक्त हा एकच. ती जे पुस्तक वाचतेय त्यातून असे शब्द तिने वेचायचे, वहीच्या मागच्या पानावर. पुढचे पंधरा दिवस, शब्दाच्या शेवटची वेलांटी-उकार दीर्घ, वही, पाटी, चाकू, आणि 'आणि' हा त्याला अपवाद. मग माझा आवडता, फूल पण फुलाला, मूल पण मुलाला, गरीब पण गरिबाला. प्रत्यय लागला की आधीचा दीर्घ ऱ्हस्व होतो. हे मुलांना स्वतः शोधू द्या, दहा जोड्या समोर ठेवा आणि काय होतंय विचारा. एखादं मूल लगेच 'शरीराला' काढून दाखवतं, तिथे का नाही झालं म्हणून! तेव्हा संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपलं मूळ रूप सोडत नाहीत हे सांगायचं. नियम कुठून आला आणि कुठे थांबतो हे कळलं की तो लक्षात राहतो.

सराव श्रुतलेखनाने, पण आधी न सांगता घेतलेल्या परीक्षेसारखं नको. चार-पाच ओळींचा उतारा तिने आधी नीट पाहायचा, अवघड वाटतील ते शब्द स्वतः अधोरेखित करायचे, मग मिटायचं आणि तुम्ही सावकाश सांगायचं. शेवटी तिनेच मूळ उताऱ्याशी ताडून तपासायचं. आठवड्याला दोनदा, दहा मिनिटं, पुरे.

आणि एक कळकळीची विनंती. मुलीने मनापासून काही लिहिलं असेल तर त्यावर लाल खूण नको. त्यातल्या चुका तुम्ही वेगळ्या वहीत टिपून ठेवा, पुढच्या आठवड्याचं श्रुतलेखन त्या शब्दांचं करा. मी स्वतः सुरुवातीला वह्या लाल करून परत द्यायचो आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त होतं तीच मुलं लिहायची थांबली. याची मला आजही खंत आहे.

---

निरंतर

मी बाबा आहे, माझ्याकडे आठ आणि अकरा. पानगळ ताई, मी वाचनाकडे जरा शंकेने बघेन. पन्नास पानं आणि "छान होतं" यात दोन शक्यता आहेत, एक तर तिला सांगायची सवय नाही, किंवा ती अवघड शब्दांवरून उडी मारत पुढे जातेय. कसं कळणार? तिने न वाचलेलं एखादं माहितीपर पान मोठ्याने वाचून घ्या. जोडाक्षराशी अडखळते का, 'निरीक्षण'चं 'निरक्षर' असं काहीतरी अंदाजाने वाचते का, वाक्य कुठे तोडते, ते फक्त ऐका, टोकू नका. आपल्या लिप्यांत अक्षरांची रूपं इतकी आहेत की ती सगळी पक्की व्हायला वेळ लागतो, कन्नड मुलांवर २००७ मध्ये आलेल्या एका अभ्यासात हे काम चौथीपर्यंत चालू असलेलं दिसलं होतं. आमच्या मोठ्याचं हेच होतं, गोष्टीत अंदाज चालून जायचा म्हणून आम्हाला पत्ताच लागला नाही. तसं निघालं तर एकच परिच्छेद तीन-चार दिवस रोज एकदा मोठ्याने वाचून घ्या, ओघ येतो.

ते ठीक असेल तर मग विषयाची माहिती वाढवा. १९८८ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं, तर वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं वाचनात पक्क्या पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा जास्त चांगलं सांगू शकली. त्यामुळे सोमवारी ज्वालामुखी, मंगळवारी राजा-राणी असं न करता महिनाभर मुंग्याच घ्या की! मुंग्या वासाची वाट आखतात, बोट फिरवल्यावर तीच पुसली गेली, हे तिला पुस्तकात सापडू दे. मग तिचं वाचन आणि तिने पाहिलेलं एकमेकांना भेटेल.

आणि वाचून दाखवणं बंद करू नका. या वयात मुलांना कानाने जे समजतं ते डोळ्याने वाचून समजण्याच्या बरंच पुढचं असतं. तिला स्वतः झेपणार नाहीत अशी लांब वाक्यं तुमच्या तोंडून आली की ती ओळखीची होतात.

व्याकरणाच्या वेगळ्या पुस्तकावर मात्र मी वेळ घालवणार नाही. २००७ मध्येच अमेरिकेत चौथी ते बारावीच्या लेखनावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, त्यात सुटं व्याकरण शिकवून लेखन सुधारलेलं दिसलं नाही, पण छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करायचा सराव उपयोगी पडला. म्हणजे "मी वाट पुसली. मुंगी आली. ती थांबली. तिला वास लागेना." ही चार वाक्यं द्या आणि एक करायला सांगा. नामाची व्याख्या पाठ करून हे जमत नाही.

---

शाईचा_डाग

एक छोटी भर. अमेरिकेचा लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन लहानपणी लिहायला असा शिकला की आवडलेला लेख वाचायचा, प्रत्येक वाक्याचा मुद्दा एकदोन शब्दांत टिपायचा, काही दिवस बाजूला ठेवायचा आणि मग नुसत्या टिपणांवरून स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहून मूळ लेखाशी ताडून बघायचा. कधी तर टिपणं मुद्दाम विस्कटून क्रम लावायचा. अकरा वर्षांच्या मुलांना एका परिच्छेदावर हे छान जमतं, आमच्याकडे चिठ्ठ्या करून करतो.

---

पानगळ

सगळ्यांचे खूप आभार, रफार काका तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून लाल पेन आतच ठेवून दिलं. एक शंका, ती सांगणार आणि मीच लिहिणार, तर मग ती स्वतः कधी लिहिणार? माझ्यावरच अवलंबून राहायला लागली तर?

---

दोनरेघी_वही

नाही राहत. हळूहळू लेखणी तिच्याकडे सरकवायची. आधी सगळं तुम्ही, मग शेवटचं वाक्य तिने, मग शेवटचा परिच्छेद. किंवा तिने आधी पूर्ण सांगायचं, तुम्ही चार-पाच शब्द टिपून द्यायचे, 'पुसली', 'घुटमळल्या', 'वास', 'जुळली', आणि तेवढ्यावरून तिने लिहायचं. काय सांगायचं ते ठरलेलंच असतं, फक्त उतरवायचं. आमच्याकडे हे बदलायला चारेक महिने लागले, घाई करू नका.

---

पानगळ

पाच आठवडे झाले म्हणून कळवतेय. निरंतर दादा, तुमचं खरं निघालं, अनोळखी पानावर जोडाक्षरांना ती अंदाज मारत होती, मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. रोज एक परिच्छेद मोठ्याने चालू आहे. मुंग्यांवर चार शब्दांच्या टिपणावरून तिने परवा नऊ ओळी लिहिल्या, एकटीने, आणि 'मुंग्या' नऊ ओळींत सहा वेळा, सगळ्या बरोबर. काल स्वतःहून विचारत होती की 'घुटमळणे'ला दुसरा शब्द आहे का, कारण तो तिने तीनदा वापरलाय. दोघींनी शब्दकोश काढून शोधला, तिला 'रेंगाळणे' आवडला, मग म्हणाली नाही, मुंग्या रेंगाळत नव्हत्या, शोधत होत्या, आणि तो खोडून टाकला.

गोष्टींचं मात्र अजून "छान होतं" च्या पुढे फारसं जात नाही. माहितीचं पान छान सांगते, गोष्ट नाही. काय करू?

---

दोनरेघी_वही

गोष्ट सांगायला नका लावू सध्या. गोष्टीतल्या एकाच माणसाविषयी विचारा, त्याने तसं का केलं असेल, आणि तुमचं मत तिच्याहून वेगळं असेल तर मनापासून मांडा. ती वाद घालायला पान उघडून दाखवेल, "हे बघ, इथे लिहिलंय."