नोडओएसमध्ये एनपीएमच पॅकेज मॅनेजर: योग्य की धोक्याचं?

गाठोडं: नोडओएस ही ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे लिनक्स कर्नल (गाभा) आणि त्यावर थेट नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), बॅश हे नेहमीचं कमांड शेल नाही. पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्राम, बसवायला वेगळं साधन न बनवता नोडचं एनपीएमच घेतलं, हे मला पटतं. दोन प्रोग्रामना एकाच लायब्ररीच्या वेगळ्या आवृत्त्या लागल्या तर एनपीएम दोन्ही नांदवतं. डेबियनच्या एपीटी या पॅकेज मॅनेजरमध्ये तेवढ्यासाठी पॅकेजचं नावच बदलावं लागतं.

तळघर: शुद्ध जावास्क्रिप्टपुरतं मान्य. पण पॅकेजमध्ये बाइंडिंग.जीवायपी (सी++ भाग कसा बांधायचा हे सांगणारी फाइल) असेल आणि स्वतःची इन्स्टॉल स्क्रिप्ट नसेल, तर एनपीएम आपणहून तो भाग बांधणारं नोड-जीवायपी रीबिल्ड चालवतं. त्याला पायथन, मेक आणि सी++ कंपायलर हवा. शिवाय या स्क्रिप्ट /बिन/एसएच या शेलमार्फत चालतात. स्क्रिप्ट-शेल सेटिंगने शेल बदलाल, पण लिहिणाऱ्याने && आणि पाइप (कमांड जोडणारी चिन्हं) गृहीत धरलेले असतात, त्याचं काय?

गाठोडं: लक्ष्य मशीनवर कंपाइल करूच नये. त्याच आर्किटेक्चरच्या, मसल (सी भाषेची मूळ लायब्ररी) असलेल्या मशीनवर, नोडची तीच मुख्य आवृत्ती घेऊन बांधा. कंपाइल होऊन तयार झालेली .नोड फाइल पॅकेजच्या फाइल्स यादीत घाला, बाइंडिंग.जीवायपी आणि इन्स्टॉल स्क्रिप्ट काढा, मग एनपीएम पॅकने टारबॉल (एकत्र बांधलेली फाइल) बनवा. लक्ष्यावर --इग्नोर-स्क्रिप्ट्स लावून टारबॉल इन्स्टॉल करा. ग्लिबसी या दुसऱ्या सी लायब्ररीवर बांधलेली फाइल मसलवर सहसा लोड होत नाही, चूक बहुतेकदा तिथेच होते.

खिळा: आणि अपडेट? एनपीएम सीआय आधी अख्खं नोड_मॉड्यूल्स (उतरवलेल्या पॅकेजची डिरेक्टरी) पुसतं, मग नवं उतरवतं. मध्येच वीज गेली तर सर्व्हरवर एक ॲप बंद पडेल. नोडओएसवर मात्र कमांडही एनपीएमनेच येतात, म्हणून हाताशी एकही कमांड उरणार नाही. मला यातली हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते.

गाठोडं: म्हणून जागच्या जागी अपडेट करूच नका. नव्या डिरेक्टरीत इन्स्टॉल करा, चाचणी घ्या, तात्पुरत्या नावाची सिमलिंक (त्या डिरेक्टरीकडे बोट दाखवणारी लिंक) बनवा आणि रीनेमने जुन्या लिंकवर आणा. एकाच फाइलसिस्टमवर रीनेम अणुवत असतं, म्हणजे पूर्ण होतं किंवा होतच नाही. जुनी डिरेक्टरी ठेवली की मागे फिरणंही सोपं.

तळघर: म्हणजे अणुवत अपडेट, बायनरी बांधणी, मागे फिरणं, सगळं तुम्हीच करताय. मग एनपीएम फक्त डाउनलोडर उरला.

खिळा: आवृत्त्याही धरून ठेवत नाही. नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी पॅकेज-लॉक.जेसन रजिस्ट्रीवर (एनपीएमच्या सामायिक साठ्यावर) प्रकाशितच होत नाही, त्यामुळे --ग्लोबल (पूर्ण प्रणालीसाठीच्या) इन्स्टॉलला आतल्या अवलंबित्वांच्या त्या दिवशीच्या आवृत्त्या मिळतात. लेखकाने एनपीएम-श्रिंकरॅप.जेसन (प्रकाशित होणारं तसंच लॉक) दिलं असेल तरच सुटका. मार्च 2016 मध्ये 11 ओळींचं लेफ्ट-पॅड पॅकेज रजिस्ट्रीतून काढलं आणि जगभरची बिल्ड अडली. अशा रजिस्ट्रीवर प्रणालीची मूळ साधनं टांगू नयेत.

गाठोडं: मूळ साधनं रूटएफएसमध्ये (मूळ फाइलसिस्टममध्ये), केवळ वाचता येणाऱ्या प्रतिमेत ठेवा. एनपीएम युजरच्या घरापुरतं राहू द्या. तिथे मला त्याहून सोयीचं काही दिसत नाही.

तळघर: एवढी मर्यादा घातलीत तर माझा विरोध फक्त नेटिव्ह, म्हणजे सी++ भाग असलेल्या, पॅकेजपुरता उरतो. तो मात्र कायम आहे.