व्हर्जिनियातले रेस्ट एरिया बंद: बाबांना घेऊन आय-८१ महामार्गावर थांबायचं कुठे?

रिचमंडची लेक, ऑगस्ट २००९
आईबाबा साताऱ्याहून आलेत. परवा भावाकडे ब्लॅक्सबर्गला निघालो. बाबांना प्रोस्टेटचा त्रास, तासाभराने थांबावंच लागतं. रेस्ट एरियाच्या, म्हणजे हायवेलगतच्या फुकट स्वच्छतागृहाच्या सरकारी थांब्याच्या, तोंडाशी नारिंगी पिंपं आडवी लावलेली, पाटीवर 'क्लोज्ड'. पुढच्या एक्झिटला (हायवेवरून उतरायच्या फाट्याला) पेट्रोल पंपावरचा मुलगा म्हणाला, आधी काही विकत घ्या, मग किल्ली. किल्लीला हातभर लाकडी दांडकं बांधलेलं. ते हातात धरून बाबा चिप्सच्या रॅकमधून खाली मान घालून गेले. परतीच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही त्यांनी.

४२पैकी १९ रेस्ट एरिया बंद करून वर्षाला साधारण ९० लाख डॉलर वाचणार म्हणे. रस्तेखात्याची तूट अब्जावधींची, त्यात हे कितीसे? लघवीला जायला कॉफी का विकत घ्यावी लागावी? ८१वर तुम्ही कुठे थांबता? आणि दाद कुणाकडे मागायची?

विंचेस्टरकर
ताई, आमदाराला पत्र लिहाच, मीही लिहिलंय. आमच्याकडे रात्री हायवेवर चढण्या-उतरण्याच्या रॅम्पच्या कडेला ट्रकची रांग लागते. ड्रायव्हरला ११ तासांच्या वर चालवायला कायद्याने बंदी, मग त्याने झोपायचं कुठे?

जर्सीवाला
तिथे हॉटेलं काढून पैसे उभे करा ना! आमच्या न्यू जर्सीच्या टर्नपाइकवर आहेत की.

विंचेस्टरकर
टर्नपाइक हा टोलचा रस्ता, आय-८१सारखे इंटरस्टेट महामार्ग व्हायच्या आधीचा. इंटरस्टेटच्या रेस्ट एरियात खाण्यापिण्याची दुकानं काढायला केंद्राचा कायदा आडवा येतो. व्हेंडिंग मशीन तेवढी चालतात, आणि त्यात पहिला हक्क अंध विक्रेत्यांचा. कुलूप लागलं की त्यांचीही कमाई गेली.

फिनिक्सकर, ऑक्टोबर २००९
आमच्या ॲरिझोनात आता १८पैकी १३ बंद. इथे दोन एक्झिटच्या मध्ये नुसतं वाळवंट. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असली की पोटात गोळा येतो.

रिचमंडची लेक, जानेवारी २०१०
उघडणार! नवे गव्हर्नर मॅक्डॉनल यांनी प्रचारातच शब्द दिला होता. देखभालीच्या राखीव निधीतून ३० लाख डॉलर काढतायत. ज्यांनी ज्यांनी पत्रं लिहिली त्या सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना साताऱ्याला फोन करून सांगितलं. म्हणाले, "मग पुढच्या खेपेला ब्लॅक्सबर्गला मी येईन." परतल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी पुन्हा यायचं नाव काढलं.