धावताना "तहान लागायच्या आत पाणी प्या" हा सल्ला बंद व्हायला हवा

रानपाखरू (धागाकर्ती):
मॅरेथॉनच्या सरावात पहिल्याच दिवशी कानावर पडतं, "तहानेची वाट बघू नका, प्रत्येक टेबलापाशी पाणी प्या." मी ते तंतोतंत पाळलं. पाच तासांत एकही टेबल चुकवलं नाही. पस्तिसाव्या किलोमीटरला अंगठी बोटात रुतायला लागली, घड्याळाचा पट्टा दोन भोकं सैल करावा लागला. पोटात पाणी डचमळत होतं, डोकं जड, मळमळ. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी प्यायले! शेवटी वैद्यकीय तंबूत वजन केलं, तर सकाळपेक्षा दीड किलो जास्त. पाच तास घाम गाळून वजन वाढलेलं. जास्त पाण्याने पातळ होऊन रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) लिटरमागे १२८ मिलिमोल निघालं. १३५ च्या खाली ते कमी धरतात. तंबूतल्या डॉक्टरांनी पाणी बंद केलं आणि लघवी होईपर्यंत जागचं हलू दिलं नाही, म्हणून निभावलं.

तहान लागली की प्या, तोवर नको. मला एवढंच म्हणायचंय.

घामाघूम:
साफ असहमत. असलं वाचून लोक पाणीच सोडतील. माझे साडू भर उन्हात पळताना उष्माघाताने कोसळले, चार दिवस आयसीयूत होते. पाणी जास्त झालेला माणूस मी आजवर पाहिला नाही, कोरडे पडलेले दर शर्यतीत दिसतात.

नाडीपरीक्षा:
रक्त तपासल्याशिवाय तो दिसतच नाही हो. मळमळ, चक्कर, थकवा दोन्हीकडे सारखेच. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं. १३ टक्के लोकांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं, तिघांचं १२० किंवा त्याहून कमी. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले, ते जास्त सापडले. त्याच शर्यतीत एक तरुणी याच कारणाने दगावली.

निवांत बसलेल्या माणसाची मूत्रपिंडं तासाला पाऊण-एक लिटर जादा पाणी सहज बाहेर टाकतात. लांब पळताना मात्र शरीर व्हासोप्रेसिन हे संप्रेरक सोडत राहतं आणि लघवी अडते. पाणी साठतं, रक्त पातळ होतं, पाणी पेशींत शिरतं. बोटं सुजली तर अंगठी रुतते. मेंदू सुजला तर कवटीत त्याला पसरायला जागाच नसते. मग झटके, बेशुद्धी. अशा वेळी तीन टक्क्यांचं तीव्र सलाईन लागतं. कोरडा पडलाय समजून नेहमीचं सलाईन भराभर चढवलं, तर प्रकृती आणखी बिघडू शकते.

आणि हा सल्ला आला कुठून? १९९६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननेच घामाइतकं, नाहीतर झेपेल तेवढं प्या असं सांगितलं होतं. २००७ मध्ये त्यांनीच अतिरेक टाळा म्हणून बजावलं.

वाटसरू:
इलेक्ट्रोलाइटचं पेय घेतलं की प्रश्न मिटला ना?

नाडीपरीक्षा:
नाही. त्यातलं सोडियम रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट कमी असतं. तेही ढोसलं तर रक्त पातळच होणार. पळताना इबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही नकोत.

घामाघूम:
आकडे मान्य. पण मी सव्वातीन तासांत पळतो, घाम ताशी दीड लिटर. मी तहानेवर विसंबलो तर मागे पडतो, हे सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून बघितलंय. सगळ्यांना एकच नियम लावू नका.

रानपाखरू:
वजन करायचं पटलं. पण शर्यतीत माझ्यासारखे पाच-सहा तासवालेही ढिगाने असतात, आणि त्यांना सल्ला तुमच्या वेगाचा मिळतो. साडूंचं वाचून वाईट वाटलं. तरी उष्माघात म्हणजे आतलं तापमान ४० अंशांच्या वर जाणं. ऊन, दमट हवा, झेपत नसताना रेटलेला वेग असेल, तर भरपूर पाणी पिणाऱ्यालाही तो गाठतो. तिथे आधी अंग बर्फाच्या पाण्याने थंड करावं लागतं.

घामाघूम:
पुढच्या शर्यतीत मी पाण्याच्या टेबलावर स्वयंसेवक आहे. "प्या, प्या" म्हणून ओरडणार नाही, कबूल. पण पेला पुढे धरणारच. आणि कोणी भोवळून समोर आलं तर माझा हात आधी पाण्याकडेच जाईल.

रानपाखरू:
त्याआधी एवढं विचारा, "आतापर्यंत किती प्यायलात?" आणि बोटातली अंगठी फिरतेय का बघा.