चित्रपटाला जाताना अपेक्षा कशा आवरता?

लोकांनी डोक्यावर घेतलेला पिच्चर आपल्याला कंटाळवाणा वाटतो आणि टाइमपास म्हणून पाहिलेला पैसा वसूल निघतो. तिकीट काढण्याआधी काय बघता, काय टाळता? नेमकं लिहा.

*

आधी आकडे वाचायला शिका. समीक्षकांची परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे ९५ टक्के म्हणजे शंभरापैकी ९५ गुण नव्हेत. ९५ टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे, इतकंच. सगळ्यांनी 'बरा आहे' म्हणून पाचपैकी तीन दिले तरी आकडा शंभराला भिडू शकतो. उलट निम्म्यांना जाम आवडलेला आणि निम्म्यांना अजिबात न रुचलेला पन्नासवर अडकतो आणि ६०च्या खाली म्हणून 'रॉटन' (सडका) ठरतो. मी तर दुसराच आधी बघेन. प्रेक्षक दहापैकी गुण देतात त्या आयएमडीबी संकेतस्थळावर सरासरी सोडून मतांची वाटणी उघडा. १० आणि १ वर उंच खांब, मध्ये खड्डा, म्हणजे चाहते आणि विरोधकांची जुंपली आहे. फुगवटा ७-८ वर असेल तर आकड्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवा.

*

टीझर चालतो, पूर्ण ट्रेलर नको. बघायचाच तर पहिलं मिनिटभर: पात्रं आणि सूर कळतो. पुढे कथाच उलगडतात, आणि विनोदी चित्रपटाचे हुकमी पंच तिथेच खर्ची पडतात. ट्रेलरचं पार्श्वसंगीतही पुष्कळदा वेगळं असतं, त्यावरून चित्रपटाचा वेग ठरवू नका.

*

आयमॅक्सला जादा पैसे मोजताना पडदा कोणता ते बघा. भारतात बहुतेक १.९०:१ (रुंदी:उंची) चे आहेत. २०२३ साली 'ओपनहायमर' परदेशात मोजक्या ठिकाणी ७० मिमी फिल्मवर १.४३:१ मध्ये, म्हणजे जास्त उंच चौकटीत दिसला, ती सोय आपल्याकडे नव्हती. थ्रीडीचा चष्मा निम्म्याहून जास्त उजेड खातो. रात्रीचे प्रसंग जास्त असतील तर टूडीच घ्या.

*

मुलं सोबत असतील तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघा. नोव्हेंबर २०२४पासून यूएमध्ये (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे) ७+, १३+, १६+ असे गट आहेत. यूए १६+ असला तरी दारावर अडवत नाहीत, निर्णय पालकांचा. 'ए'ला मात्र १८ खालच्यांना मज्जाव. लांबीही आधीच बघा. पावणेतीन तासांना जाहिराती आणि मध्यंतर जोडलं की साडेनऊचा शो एकच्या आसपास सुटतो. निम्मी नावं झोपेने ठेवली जातात!

*

मराठी चित्रपटाला 'लोक काय म्हणतात बघू' परवडत नाही. दुसऱ्या शुक्रवारी शो उरले तरी भलत्या वेळी, नोकरदारांनी जायचं कधी? पहिल्या शनिवार-रविवारीच उरका, परीक्षणं नंतर वाचा.

*

गोष्ट याच चित्रपटात संपते का, तेही तपासा. २०२१च्या 'ड्यून'च्या पोस्टरवर नुसतंच 'ड्यून' होतं. 'पार्ट वन' दिसलं ते थेट पडद्यावर, तिकिटाचे पैसे गेल्यावर.